बदकाचे पिल्लू लंगडले, तर दोष कोणाचा?

यंत्रमागाच्या धंद्यात मंदी आली की आपल्या समाजातील कारागीर आणि छोटे व्यापारी जोडधंद्याचा विचार करू लागतात. कोणी शेळ्या घेतो, कोणी गावरान कोंबड्या पाळतो. भिवंडी, पडघा या भागातील भातशेतीच्या गावांत अलीकडे काही जण बदकांकडेही वळले आहेत. बदक पाळणे कोंबडीपेक्षा सोपे, अशी एक समजूत आहे. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. बदक सहसा आजारी पडत नाही, पावसाला घाबरत नाही आणि शेतातील किडे, गोगलगाई, सांडलेले धान्य खाऊन आपले पोट बरेचसे स्वतःच भरते. खाकी कॅम्पबेल जातीची बदकी चांगल्या व्यवस्थेत वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. व्हाइट पेकिन ही मांसासाठी नावाजलेली जात आहे.

परंतु या धंद्यात नवीन माणसाला पहिला फटका बसतो तो पिल्लांच्या पायांचा. एक दिवसाची पिल्ले आणली, आठ-दहा दिवस सगळे ठीक चालले आणि मग एका सकाळी चार पिल्ले बसून राहिलेली दिसतात. दुसऱ्या दिवशी सात. त्यांची चोच चालते, डोळे स्वच्छ असतात, भूकही असते. फक्त पाय उचलत नाहीत. दाण्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून ती हळूहळू उपाशी राहतात आणि इतर पिल्ले त्यांना तुडवतात. मालक म्हणतो, वारा लागला, नजर लागली, किंवा पिल्लेच खराब दिली.

प्रस्तुत लेखात हेच सांगायचे आहे की बहुतेक वेळा यात वाराही नसतो आणि नजरही नसते. दोष खाद्यात किंवा खालच्या जमिनीत असतो. तो वेळेवर ओळखला तर बहुतेक पिल्ले वाचतात आणि इलाजाचा खर्चही फार येत नाही.

डॉक्टरसाहेबांचे तीन प्रश्न

गेल्या पावसाळ्यात मी भाच्याबरोबर भागीत ५० पिल्ले आणली. जागा व मेहनत त्याची, भांडवल माझे. मी कापडाचा व्यापारी, बदकांतले मला काही कळत नव्हते. भाच्याने खाद्याच्या दुकानातून ब्रॉयलर कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य आणले. दुकानदाराने सांगितले होते, पिल्लू ते पिल्लू, कोंबडीचे काय आणि बदकाचे काय. दहाव्या दिवशी भाच्याचा निरोप आला, “मामू, चौदा पिल्लं बसलीत.” म्हणजे शेकडा २८. कापडाच्या धंद्यात शंभर थानांमागे २८ थाने डागी निघाली तर व्यापारी दुकान बंद करून घरी बसेल.

आम्ही दोन लंगडी पिल्ले टोपलीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी पिल्लू हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारले. खायला काय घालता? खाली काय अंथरले आहे? पिल्लू उचलता कसे? भाच्याने उत्तर दिले, कोंबडीचे खाद्य, वर्तमानपत्र आणि पायाला धरून. डॉक्टरसाहेब हसले आणि म्हणाले, “तीनही गोष्टी चुकल्या आहेत. आता पिल्लू बघतो.”

पुढील सर्व माहिती या तीन प्रश्नांभोवतीच फिरते. ज्याला बदके पाळायची आहेत त्याने हे तीन प्रश्न पिल्ले आणण्यापूर्वी स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न : खायला काय घालता?

बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा फार जास्त लागते. हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व आहे. निकोटिनिक आम्ल आणि निकोटिनामाइड ही त्याची दोन रूपे होत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार एक किलो खाद्यात अंडी देणाऱ्या कोंबडीच्या जातीच्या पिल्लाला २७ मिलिग्रॅम, ब्रॉयलरच्या पिल्लाला ३५ मिलिग्रॅम आणि पेकिन बदकाच्या पिल्लाला ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. म्हणजे जे खाद्य कोंबडीला पुरेपूर असते ते बदकाला अपुरे पडू शकते.

असे का? कोंबडीचे शरीर अन्नातील ट्रिप्टोफॅन या घटकापासून थोडे नायसिन स्वतः तयार करते. बदकाचे शरीर हे काम नीट करू शकत नाही. त्याला नायसिन तयार स्वरूपातच द्यावे लागते. दुसरी अडचण मक्याची. मक्यात आणि इतर धान्यांत नायसिन असते, परंतु ते मोठ्या प्रमाणात अशा बांधलेल्या स्वरूपात असते की पक्ष्याच्या पोटात ते सुटत नाही. म्हणून केवळ मक्याचा भरडा आणि तांदळाची कणी यांवर वाढवलेली पिल्ले हमखास लंगडतात.

येथे जुनी माणसे विचारतील की आमच्या आजीच्या बदकांना कोणी गोळ्या दिल्या होत्या? त्यांचा प्रश्न बरोबर आहे. ती पिल्ले आईच्या मागे भाताच्या खाचरात फिरत होती. किडे, गांडुळे, गोगलगाई, बारीक मासे खात होती. त्या खाण्यात नायसिन भरपूर असते. आपण त्याच पिल्लाला चार भिंतींत, बल्बखाली, एकाच पोत्यातील खाद्यावर ठेवतो. तेव्हा खाचराने जे दिले असते ते आता मालकाने दिले पाहिजे.

नायसिन कमी पडल्याची लक्षणे लक्षात ठेवावीत. पिल्लाची वाढ मंदावते. पायाचा मधला सांधा, ज्याला आपण उलटा गुडघा म्हणतो आणि जो वास्तविक घोटा असतो, तो सुजतो व जाड दिसतो. पाय धनुष्यासारखे वाकतात. पिल्लू दोन पावले चालते आणि त्या सांध्यावर बसते. बहुधा हे पहिल्या तीन आठवड्यांत दिसू लागते. वजनदार जातीत लवकर, कारण अंगावर मांस भराभर चढते आणि पाय मागे राहतात.

इलाज काय करावा?

आमच्या डॉक्टरसाहेबांनी पाण्यातून नायसिन द्यायला सांगितले. प्रतिबंधासाठी साधारणपणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात ३० ते ४० मिलिग्रॅम हे प्रमाण धरतात. मेडिकलच्या दुकानात ‘ब’ जीवनसत्त्वांच्या साध्या गोळ्या व कॅप्सूल मिळतात. त्यांच्या वेष्टनावर निकोटिनामाइड किती मिलिग्रॅम आहे ते वाचावे. १०० मिलिग्रॅम असेल तर एक कॅप्सूल फोडून सुमारे तीन लिटर पाण्यात मिसळावी. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारच्या गोळ्या घेऊ नयेत. पाणी रोज सकाळी बदलावे, कालचे शिल्लक पाणी फेकून द्यावे. जी पिल्ले आधीच बसली आहेत त्यांना काही दिवस जास्त मात्रा लागते. ती किती हे पिल्लाचे वय व वजन पाहून डॉक्टरांनी ठरवावे.

त्याचबरोबर खाद्य सुधारले पाहिजे. बदकाच्या पिल्लांसाठी तयार केलेले खाद्य मिळत असेल तर उत्तम. न मिळाल्यास औषध न मिसळलेले कोंबडीचे सुरुवातीचे खाद्य घेऊन त्यात नायसिनची भर घालावी. परदेशात यासाठी ब्रुअर्स यीस्टची भुकटी शेकडा ५ ते साडेसात, म्हणजे एक किलो खाद्यात ५० ते ७५ ग्रॅम मिसळतात. ही भुकटी दारूच्या कारखान्यातून येते, म्हणून आपल्यातील अनेकांना ती वापरणे रुचणार नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे किंवा सरळ गोळीचा मार्ग धरावा. काम दोन्हींनी होते. सुकट कुटून घातली तर तीही उपयोगी पडते, मात्र ती फार खारट नसावी. बदकाच्या पिल्लाला जास्त मीठ बाधते.

नायसिनची ही भर पिसे पूर्ण येईपर्यंत, म्हणजे साधारण आठ ते दहा आठवडे चालू ठेवावी. लंगडलेली पिल्ले वेळेवर इलाज झाल्यास काही दिवसांतच उठू लागतात. परंतु हाड एकदा वाकून पक्के झाले की ते सरळ होत नाही. म्हणूनच या कामात दिवसाला किंमत आहे. आज बसलेल्या पिल्लाचा इलाज पुढच्या बाजाराच्या दिवसावर टाकू नये.

लंगड्या पिल्लाला वेगळ्या टोपलीत ठेवावे म्हणजे बाकीची त्याला तुडवणार नाहीत. पाणी व दाणा त्याच्या चोचीजवळ ठेवावा. दिवसातून एक-दोन वेळा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटे पोहू द्यावे. पाण्यात अंगाचा भार पायांवर येत नाही आणि पाय हलत राहतात. या वेळी माणसाने तेथून हलू नये. आईविना वाढलेल्या पिल्लाच्या पिसांवर तेलाचा थर नीट नसतो, ते भिजते व गारठते. म्हणून बाहेर काढल्यावर मऊ कापडाने टिपून बल्बखाली ठेवावे.

खाद्यातील आणखी तीन चुका

पहिली चूक म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना घालणे. त्या खाद्यात कॅल्शियम शेकडा साडेतीन-चारपर्यंत असते. पिल्लाला शेकडा एकच्या आतबाहेर पुरते. जास्तीचे कॅल्शियम पिल्लाच्या मूत्रपिंडाला आणि हाडाला दोन्हींना नुकसान करते.

दुसरी चूक याच्या उलट. कॅल्शियम, फॉस्फरस किंवा ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडले तर हाडे मऊ राहतात. अशा पिल्लाची चोच बोटाने दाबली तर रबरासारखी वाकते. ही सोपी खूण आहे. अंधाऱ्या गाळ्यात, गोदामाच्या मागच्या खोलीत वाढवलेल्या पिल्लांत हे दिसते. खाद्यातील खनिज मिश्रण तपासावे आणि रोज सकाळचे कोवळे ऊन द्यावे. काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही, थेट ऊन पाहिजे. जवळ सावली व पाणी ठेवावे.

तिसरी चूक सर्वांत धोकादायक आहे. पावसाळ्यात बुरशी लागलेला मका किंवा भुईमुगाची पेंड स्वस्तात मिळते. कोंबड्या खातात, मग बदकांना काय होते, असे म्हणून ती घातली जाते. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष बदकाच्या पिल्लाला फार लवकर मारते. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लेही मेली. तपास केल्यावर ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीचे विष सापडले. असे पिल्लू आधी अडखळते, लंगडते, खाणे सोडते आणि मग मरते. मालक पायाचा इलाज करीत बसतो आणि विष पोत्यातच राहते. कुबट वास येणारे, गाठी झालेले, हिरवट-काळपट पडलेले खाद्य स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

प्रथिनांचेही प्रमाण असते. पहिले दोन आठवडे शेकडा २० ते २२ आणि नंतर १६ ते १८ पुरेसे होते. लवकर वजन यावे म्हणून शेवटपर्यंत जोरदार खाद्य घातले तर वजन वाढते, पण पाय ते पेलत नाहीत.

दुसरा प्रश्न : खाली काय अंथरले आहे?

नवीन जन्मलेल्या पिल्लाला पहिल्या दोन-तीन दिवसांत पाय अंगाखाली धरण्याची ताकद यायची असते. खाली गुळगुळीत फरशी, प्लास्टिक किंवा वर्तमानपत्र असेल तर पाय दोन्ही बाजूंना घसरतात. वर्तमानपत्र ओले झाले की साबणासारखे होते. पिल्लू बेडकासारखे फाकून पडते आणि उठू शकत नाही. हा आजार नाही, घसरण आहे. उबवणी यंत्राचा ट्रे गुळगुळीत असेल तर काही पिल्ले तेथूनच फाकलेले पाय घेऊन येतात.

उपाय साधा आहे. पहिले चार-पाच दिवस खाली गोणपाट घट्ट ताणून बसवावे. त्याच्या खरबरीत विणीत पिल्लाची नखे अडकून पायाला पकड मिळते. सुटे धागे कापून टाकावेत, नाहीतर ते पायात गुंततात. त्यानंतर भाताचे कोरडे तूस दोन-तीन इंच जाड पसरावे. बदकाचे पिल्लू पाणी पिते कमी आणि सांडते जास्त. म्हणून पाण्याचे भांडे जाळी ठोकलेल्या पसरट ट्रेवर ठेवावे, म्हणजे सांडलेले पाणी खाली जाते आणि तूस कोरडे राहते. ओल्या घाणीत उभे राहून तळपायाला भेगा पडतात, त्यांतून जंतू शिरतात आणि मोठेपणी तळपायाला काळ्या खपलीची कडक गाठ होते. ती गाठ घरी ब्लेडने कापू नये, डॉक्टरांना दाखवावी.

ज्या पिल्लाचे पाय फाकले आहेत त्याचे पाय बांधावे लागतात. या कामात आम्हा कापडवाल्यांचा थोडा अनुभव कामी आला. मऊ सुती कापडाची अर्धा इंच रुंद चिंधी घ्यावी. पॉलिस्टरची नको, ती सरकते आणि गाठ सुटते. नुसती दोरी तर मुळीच नको, ती मांसात रुतते. दोन्ही पायांना घोट्याखाली सैलसर वेढा देऊन मध्ये साधारण एक इंच अंतर राहील अशा रीतीने चिंधीचे दोन भाग जोडावेत. म्हणजे पाय अंगाखाली राहतात, पिल्लू उभे राहू शकते, लहान पावले टाकू शकते, पण पाय बाजूला पळत नाहीत. सकाळ-संध्याकाळ सोडून पाहावे. पाय सुजला किंवा थंड पडला असेल तर बांधणी घट्ट झाली असे समजावे. तीन ते पाच दिवसांत बहुतेक पिल्ले सरळ होतात. हे काम पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तरच गुण येतो. आठवडा उलटल्यावर आशा कमी होते. बांधलेले पिल्लू पाण्यात पडले तर बुडते, हे विसरू नये. त्याच्यासाठी उथळ भांडे ठेवावे.

तिसरा प्रश्न : पिल्लू उचलता कसे?

कोंबडी पायाला धरून उलटी लटकवण्याची आपल्या बाजारात सवय आहे. खरे तर ती कोंबडीच्या बाबतीतही चांगली नाही. बदकाच्या बाबतीत तर ती थेट नुकसान करते, कारण बदकाच्या अंगाच्या मानाने त्याचे पाय कमजोर असतात. पायाला धरून ओढले की सांधा निखळतो किंवा हाड मोडते. पिल्लाला दोन्ही हातांच्या ओंजळीत, पोटाखाली आधार देऊन उचलावे. मोठ्या बदकाचे पंख अंगाशी धरून एक हात पोटाखाली घ्यावा. लहान मुले, गडी, टेम्पोवाला या सर्वांना हे सांगून ठेवावे. वाहतुकीच्या टोपलीत किंवा खोक्यातही खाली गोणपाट घालावे.

आणखी एक प्रकार ओळखून ठेवावा. मधल्या सांध्यामागची जाड नस तिच्या खोबणीतून सरकते, पाय मागे किंवा बाजूला पिळतो आणि लटकतो. खाद्यात मँगनीज, कोलीन यांसारखे घटक कमी पडले तरी हा प्रकार होतो. ही नस एकदा पूर्ण सरकली की पुन्हा जागेवर बसून टिकणे फार कठीण असते. येथे इलाज उरलेल्या पिल्लांचा करायचा असतो, म्हणजे खाद्य बदलायचे असते.

घरगुती इलाज केव्हा थांबवावा?

वर सांगितलेल्या सर्व प्रकारांत पिल्लू लंगडे असते पण हुशार असते. खाते, ओरडते, माणसाकडे पाहते. पाय गेले आणि त्याबरोबर हुशारीही गेली तर तो पायाचा प्रश्न राहत नाही. डोळ्यांतून-नाकातून पाणी येणे, हिरवी विष्ठा, डोके थरथरणे, मान मागे टाकून पाय झाडणे, मान लुळी पडणे, एकाच दिवशी अनेक पिल्ले मरणे, यांतील काहीही दिसले तर गोळ्या देत बसू नये. हे संसर्गाचे किंवा विषबाधेचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, आजारी पिल्ले वेगळी करावीत आणि मेलेली पिल्ले उघड्यावर किंवा तळ्यात टाकू नयेत.

महाराष्ट्रात याचे महत्त्व आपल्याला चांगले माहीत आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि तेथील कुक्कुटपालकांचा धंदा उद्ध्वस्त झाला. २०१४ साली केरळच्या कुट्टनाड भागात बदकांतच हा रोग पसरला. बदकाच्या अंगात हा विषाणू कधी कधी लक्षणे न दाखवताही राहतो. म्हणून बदके व कोंबड्या एकाच खुराड्यात ठेवू नयेत. आणि रोग लपवून माल विकणारा केवळ आपले नाही, सबंध तालुक्याचे नुकसान करतो.

लंगडे पिल्लू विकावे काय?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख व्यापाराच्या पानावर लिहीत आहे तिच्याकडे येतो. चौदा पिल्ले बसली त्या रात्री भाचा मला म्हणाला, “मामू, अजून बाकीची चालताहेत. उद्याच बाजारात सगळी काढून टाकू. घरी नेल्यावर बसली तर ज्याचं त्यानं बघावं.” त्याचे चुकले असे मी लगेच म्हणू शकलो नाही. माझेही पैसे अडकले होते. आणि मनात हेही आले की आम्हाला ज्याने पिल्ले दिली, खाद्य दिले, त्याने तरी कोठे काही सांगितले?

पण आपण व्यापारी लोक मालातील ऐब सांगण्याविषयी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओल लागली, तो प्रसंग आपल्या मुलांनाही तोंडपाठ असतो. ती ओल वर ठेवायची होती, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसली असती. कापडात डाग असेल तर आपण थान उलगडून दाखवतो व भाव कमी करतो. मग पिल्लू जिवंत आहे म्हणून नियम बदलतो काय? उलट जिवंत आहे म्हणून जबाबदारी दुप्पट होते. एक गिऱ्हाइकाची आणि एक त्या मुक्या जिवाची. तहानेल्या जनावराला पाणी पाजण्याचे सवाब सांगणारा आपला दीन आहे. आपल्या ताब्यातील पिल्लू भुकेने मरू देणे त्यात कसे बसेल?

आम्ही पिल्ले विकली नाहीत. गोणपाट अंथरले, खाद्य बदलले, पाण्यात नायसिन सुरू केले. चौदांपैकी दहा पिल्ले दोन आठवड्यांत चालू लागली. दोन लंगडत राहिली पण जगली. दोन मेली. जी ३६ चालत होती त्यांतील एकही पुढे बसले नाही. गोळ्यांचा सगळा खर्च दोन पिल्लांच्या किमतीइतकाही झाला नाही. त्या रात्री पिल्ले विकली असती तर ती ३६ देखील कोणाच्या तरी अंगणात, त्याच खाद्यावर, एकेक करून बसली असती आणि त्या लोकांनी पुन्हा आमच्याकडून अंडेही घेतले नसते.

पुढे पिल्ले मोठी झाल्यावर त्या दोन लंगड्या बदकांना गिऱ्हाईक आले. भाच्याने स्वतःहून सांगितले की यांचे पाय लहानपणापासून वाकलेले आहेत, आजार नाही, म्हणून भाव कमी. गिऱ्हाइकाने घेतली आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस दहा चांगली बदके घेऊन गेला.

पिल्ले आणण्यापूर्वी

ज्यांना हा जोडधंदा करावयाचा आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) सुरुवात २०-२५ पिल्लांनी करावी. पहिल्या खेपेचा उद्देश नफा नव्हे, शिकणे हा असावा.

२) घेताना प्रत्येक पिल्लू खरबरीत जमिनीवर चालवून पाहावे. पाय सरळ, बोटे पसरलेली, बेंबी कोरडी असावी. टोपलीत नुसती मोजून घेऊ नयेत.

३) पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी गोणपाट, बल्ब, खाद्य आणि नायसिनची गोळी घरात तयार असावी. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ सुमारे ३२ अंश उष्णता ठेवावी आणि दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करावी.

४) रोज सकाळी दाणा घालताना पिल्ले धावत येतात. जे मागे राहते तेच उद्याचे लंगडे. त्याला आजच वेगळे करावे.

५) शक्य झाल्यास तीन आठवड्यांनंतर कोरड्या दिवशी पिल्लांना हिरवळीत सोडावे, मात्र कुत्री, घारी व मुंगूस यांपासून राखण असावी. भाताच्या खाचरात औषध फवारले असेल तर सोडू नये.

६) तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधीच ओळख ठेवावी. तेथे जाण्यास आपले लोक संकोच करतात, तो सोडावा. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील केंद्र सरकारच्या कुक्कुट संस्थेत बदकांचे प्रजनन होते आणि भुवनेश्वर येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रात बदकांवर संशोधन चालते. मोठ्या प्रमाणावर धंदा करणाऱ्यांनी तेथून माहिती घ्यावी.

सूत कच्चे असेल तर मागाला दोष देऊन कापड सुधारत नाही. बदकाचे पिल्लू बसले म्हणजे नशिबाला किंवा नजरेला दोष देण्याआधी खाद्याचे पोते आणि खालची जमीन पाहावी. चौदा पिल्ले बसली तेव्हा दोष पिल्लांचा नव्हता, आमचा होता. तो कबूल केला म्हणून धंदा वाचला. यंदाच्या पावसाळ्यात भाचा ६० पिल्ले आणणार आहे. गोणपाट त्याने आत्ताच माझ्या गोदामातून नेऊन ठेवले आहे.